दुखापतीच्या आधीचे दिवस: स्वतःच्या आरोग्यनोंदींतून शरीरावरचा ताण कसा ओळखायचा

मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं, झोपसुद्धा मोजतं. तरीही नियमित धावणारी, वजनं उचलणारी, मैदानावर खेळणारी माणसं कधी ना कधी दुखापतीने घरी बसतातच. आकड्यांची कमतरता हे त्याचं कारण क्वचितच असतं. अमुक आकडा दिसला तर उद्याच्या सरावात नेमकं काय बदलायचं, हे कुणी आधी ठरवलेलं नसतं. म्हणून या लेखात मोजमापाइतकीच जागा त्या ठरवण्याला दिली आहे.

एक अपेक्षा सुरुवातीलाच बाजूला ठेवूया. दुखापत कुणाला आणि कधी होणार, हे कुठलंही उपकरण किंवा चाचणी सांगू शकत नाही. नॉर्वेचे क्रीडावैद्यक संशोधक रोआल्ड बार यांनी २०१६ साली यावर सविस्तर लिहिलं. दुखापत होणाऱ्यांचे आणि न होणाऱ्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मध्ये रेषा ओढायला जागाच उरत नाही. मग नोंदी कशाला ठेवायच्या? कारण बऱ्याच दुखापती एका क्षणात होत नाहीत. टाचेची शीर, नडगी, गुडघ्याची वाटी, खांदा हे भाग आधी काही दिवस किंवा आठवडे कुरकुर करतात. ती कुरकुर लवकर ऐकू यावी, एवढ्यासाठी वही. घोटा मुरगळणं किंवा अंगावर आदळून पडणं वहीने थांबत नाही. त्यासाठी काय करायचं ते पुढे येईल.

पायरी १: आधी मागचं पान लिहा

पुढची दुखापत कुठे होईल याचा सगळ्यात भरवशाचा इशारा म्हणजे मागची दुखापत. त्यामुळे पहिल्याच दिवशी एका पानावर जुना इतिहास लिहून काढा: कुठला भाग, डावा की उजवा, कोणत्या वर्षी, किती आठवडे सराव बंद होता, त्याआधीच्या महिन्यात काय बदललं होतं. नवे बूट, अचानक वाढलेलं अंतर, नवा प्रशिक्षक, रात्रपाळी, परीक्षा, आजारपण, जे आठवेल ते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट आठवलं तरी लिहा, पुढे त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

स्त्रियांनी याच पानावर पाळीच्या तारखा नोंदवायला सुरुवात करावी. सलग तीन महिने पाळी आली नाही आणि सराव मात्र चालू आहे, तर खाणं शरीराच्या ऊर्जेच्या खर्चाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. त्यात हाडं कमकुवत होतात आणि हाडाला तडा जाण्याचा धोका वाढतो. ही अवस्था पुरुषांतही येते, फक्त तिथे पाळीसारखी ठळक खूण नसते. पाळी थांबली की डॉक्टरांकडे जायचं. “सराव जास्त आहे म्हणून असेल” असं म्हणून सोडून द्यायचं नाही.

पायरी २: रोजच्या पाच नोंदी

जास्त रकाने केले की वही बंद पडते. पाच पुरेत: सराव किती मिनिटं, किती कठीण वाटला, कुठे दुखतंय, झोप किती तास, सकाळी अंग कसं वाटलं.

“किती कठीण वाटला” हा रकाना पाहिला की लोकांना तो कच्चा वाटतो, पण त्यामागे बरंच काम झालेलं आहे. जाणवलेल्या श्रमाला अंक देण्याची पद्धत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी रुजवली. पुढे अमेरिकेचे कार्ल फॉस्टर यांनी ती सरावाच्या हिशेबासाठी सोपी केली. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, एकूण किती कठीण गेलं? ० म्हणजे आराम, १० म्हणजे जीव तोडून. अर्धा तास थांबायचं कारण असं, की लगेच विचारलं तर शेवटच्या दोन-चार मिनिटांचा त्रासच अंक ठरवतो.

सकाळच्या नोंदीला १ ते ५ पुरेत. खेळाडूंवर नजर ठेवण्याच्या साधनांचा एक मोठा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. सरावाच्या ताणाला खेळाडूने स्वतः सांगितलेली अवस्था यंत्रांच्या मोजमापांपेक्षा जास्त चांगला प्रतिसाद देते, असं त्यात दिसलं. उपकरण नसेल तर काही अडत नाही, असं मी ठामपणे म्हणतो ते यामुळेच.

झोपेचा रकाना मात्र कुणी गाळू नये. शाळकरी खेळाडूंवरच्या २०१४ सालच्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता सुमारे १.७ पट आढळली. मुलांना पहाटेच्या सरावाला उठवणाऱ्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी हा आकडा मनावर घ्यावा, असं मला कळकळीने वाटतं.

पायरी ३: दुखणं नीट लिहायला शिका

सगळी वही या एका रकान्यावर उभी आहे आणि नेमका तोच रकाना लोक सगळ्यात हलगर्जीपणे भरतात. “पाय दुखतोय” या नोंदीतून पुढे काहीच निघत नाही. चार गोष्टी लिहा: नेमकी जागा, ० ते १० मधला अंक, दुखणं कधी सुरू झालं आणि कधी गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं टाकताना काय झालं.

समजा, एका धावपटूची वही अशी आहे:

*मंगळवार.* ४० मिनिटं, श्रम ४. धावताना काही नाही.
*बुधवार सकाळ.* उजव्या टाचेमागची शीर, २. दहा-बारा पावलांत गेलं.
*गुरुवार.* ४५ मिनिटं, श्रम ७, चढाचा रस्ता. धावताना काही नाही.
*शुक्रवार सकाळ.* ३. पाच मिनिटं ताठ.
*रविवार.* ८० मिनिटं, श्रम ६. पहिली दहा मिनिटं २, मग गेलं.
*सोमवार सकाळ.* ४. वीस मिनिटं ताठ, जिना उतरताना कठड्याला धरलं.

धावतानाच्याच नोंदी पाहिल्या तर हा माणूस ठणठणीत आहे. सकाळच्या ओळी सलग वाचा: २, ३, ४. ताठरपणा आधी पावलांत मोजला जात होता, आता मिनिटांत मोजला जातोय. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी ही शीर, तापली की दुखणं लपतं आणि रात्रभर थंडावली की परत दिसतं. त्यामुळे टाचेच्या शिरेचा खरा अहवाल सकाळीच मिळतो.

स्वीडनमध्ये टाचेच्या शिरेच्या रुग्णांसाठी वापरलेली एक साधी मर्यादा इथे कामाची आहे. व्यायाम करताना दुखणं ५ पर्यंत गेलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर उतरलं पाहिजे, आणि आठवड्यामागून आठवडा दुखणं किंवा ताठरपणा चढता असता कामा नये. वरच्या उदाहरणात ५ चा आकडा एकदाही आलेला नाही, तरीही सकाळ चढती असल्यामुळे मर्यादा ओलांडली गेली आहे.

ही सवलत हाडाला अजिबात लागू नाही. हाडाचं दुखणं वेगळं वागतं. धावता धावता ते कमी होण्याऐवजी वाढतं, दर वेळी थोडं आधी सुरू होतं आणि एका बोटाने दाबून दाखवता येईल इतकी त्याची जागा नेमकी असते. नडगीवर, पावलाच्या मधल्या हाडांवर, खुब्यात किंवा जांघेत असं दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर अंक कितीही असो, धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेमध्ये असा तडा बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे “एक्स-रे चांगला आहे” एवढ्यावर परत पळायला लागू नका.

पायरी ४: ताणाचा हिशेब

मिनिटं गुणिले श्रमाचा अंक, म्हणजे त्या सरावाचा ताण. वरच्या धावपटूचा पूर्ण आठवडा मांडू. मंगळवारी ४० × ४ म्हणजे १६०. बुधवारी ताकदीचे व्यायाम, ३० × ५, १५०. गुरुवारी ४५ × ७, ३१५. शनिवारी हलकं धावणं, ३० × ३, ९०. रविवारी ८० × ६, ४८०. सोमवार आणि शुक्रवार सुट्टी. एकूण ११९५. या आकड्याला एकक नाही आणि दुसऱ्याच्या आकड्याशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. तो फक्त तुमच्याच मागच्या आठवड्यांशेजारी ठेवायचा.

आधीचे चार आठवडे १०००, १०५०, ९०० आणि ११०० असतील, तर त्यांची सरासरी साधारण १०१० येते. ११९५ म्हणजे तिच्या सुमारे १.२ पट. ऑस्ट्रेलियाचे टिम गॅबेट यांनी २०१६ मध्ये असं गुणोत्तर खूप लोकप्रिय केलं. ०.८ ते १.३ ठीक आणि १.५ च्या वर धोका, असं ते सांगितलं जातं. त्यांचा मूळ मुद्दा मोलाचा आहे: हळूहळू वाढवलेला मोठा ताण शरीराला राखतो, एकदम आलेला ताण मोडतो. पण त्या गुणोत्तराच्या गणितावर नंतर गंभीर आक्षेप आले. मूळ पद्धतीत चालू आठवडा भागाकाराच्या वरच्या आकड्यातही मोजला जातो आणि खालच्या सरासरीतही, त्यामुळे खोटा संबंध तयार होतो. म्हणूनच मी वर सरासरी आधीच्या चार आठवड्यांचीच घेतली. १.३ किंवा १.५ या रेषा दगडावरच्या समजू नका. आलेख काढा आणि मध्येच टेकाड उभं राहिलंय का ते डोळ्यांनी पाहा.

दर आठवड्याला १० टक्केच वाढवा, या सर्वतोमुखी नियमाचंही असंच आहे. नेदरलँड्समध्ये नव्या धावपटूंवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली आले. हा नियम पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या गटांत दुखापतीचं प्रमाण जवळपास सारखंच, २० टक्क्यांच्या आसपास निघालं. २०२५ मध्ये ५,००० हून अधिक धावपटूंचा एक मोठा अभ्यास आला, आणि त्यातून मला जास्त व्यवहारी सूत्र मिळालं. आठवड्याच्या एकूण वाढीपेक्षा एकाच दिवशी मारलेली उडी जास्त महागात पडते. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव १० टक्क्यांहून जास्त लांबली की धोका वाढलेला दिसला. तेव्हा वहीत एक ओळ कायम वर ठेवा: “गेल्या ३० दिवसांतली सर्वांत लांब धाव”. रविवारी मित्रांच्या नादाने पुढे जाण्याआधी ती वाचा.

आठवडा एकसुरी झालाय का, तेही पाहा. रोज तेवढंच आणि तसंच काम केलं की एकूण ताण वाजवी असूनही शरीराला सावरायला दिवस मिळत नाही. फॉस्टर यांनी त्यासाठी रोजच्या ताणाची सरासरी भागिले त्याचं प्रमाण विचलन (रोजचे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर जातात ते) असं माप सुचवलं. वरच्या आठवड्यात ते १ च्या आसपास येतं. २ च्या पुढे जाऊ लागलं, तर कठीण दिवस कठीण आणि हलके दिवस खरोखर हलके करा.

आणि सरावाबाहेरचा ताणही मोजा. घर हलवलं, दिवसभर उभं राहून काम केलं, लांबचा प्रवास झाला, तर तेही त्या दिवसासमोर लिहा. पोटरीला तो ताण कुठून आला याने काही फरक पडत नाही.

पायरी ५: घड्याळाचं किती ऐकायचं

विश्रांतीतले ठोके घड्याळ बऱ्यापैकी मोजतं. जोरात हालचाल, थंड हात किंवा सैल पट्टा असला की चुकतं. कॅलरींचा आकडा सोडून द्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात उपकरणं तपासली गेली. त्यातलं सर्वांत चांगलं उपकरणही ऊर्जेच्या खर्चात सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं होतं. झोपेचे एकूण तास ठीक येतात, गाढ झोपेची मिनिटं फार मनावर घेऊ नका.

ठोक्यांमधल्या अंतराची चढउतार, म्हणजे एचआरव्ही, उपयोगी आहे, पण एका दिवसाची नाही. ताप, मद्य, उशिरा जेवण, पाळीचं चक्र, मानसिक ताण या सगळ्यांनी ती हलते. रोज एकाच वेळी मोजा, सात दिवसांची सरासरी काढा आणि स्वतःच्याच नेहमीच्या आकड्यांशी ताडून पाहा. सकाळचे ठोके नेहमीपेक्षा चढे आहेत, एचआरव्हीची सरासरी उतरली आहे आणि अंगही जड आहे, असं तिन्ही एकत्र आलं तर त्याला वजन द्या. घड्याळाच्या ‘तयारी गुणां’मागचं सूत्र सहसा कंपनीच्या तिजोरीत असतं, त्यामुळे तेवढ्यावर सराव ठरवू नये. उपकरण बदललंत तर वहीत रेघ मारून नवी सुरुवात करा, दोन उपकरणांचे आकडे जोडू नका.

पायरी ६: नियम आधी लिहा, दुखायला लागल्यावर नाही

स्पर्धा तोंडावर असली की प्रत्येक जण स्वतःचा वकील होतो. म्हणून डोकं शांत असताना एका पानावर नियम लिहून सही करा आणि शक्य असेल तर घरातल्या किंवा संघातल्या एकाला वाचायला द्या. मी सुचवतो ते असे:

एकाच जागी सलग दोन सकाळी दुखणं आलं, तर पुढचे दोन सराव हलके, चढ आणि वेगाचं काम बंद. तिसऱ्या सकाळी अंक वाढला, तर धावण्याऐवजी सायकल किंवा पोहणं, आणि आठवडाभरात न उतरल्यास फिजिओथेरपिस्ट. दुखण्यामुळे चालण्या-धावण्याची ढब बदलली, म्हणजे लंगडणं आलं, तर त्याच क्षणी थांबायचं, उरलेलं अंतर चालतसुद्धा पूर्ण करायचं नाही. दोन रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली, तर ठरलेला कठीण सराव पुढे ढकलायचा.

काही गोष्टींसाठी वही उघडायचीच नाही. डोक्याला मार लागून गरगरणं, गोंधळ किंवा उलटी, गुडघा पिळवटल्यावर काही तासांत आलेली मोठी सूज, हातापायातली बधिरता किंवा शक्ती जाणं, एकाच पोटरीला सूज आणि उष्णता, छातीत दुखणं. इथे सरळ वैद्यकीय मदत घ्यायची.

पायरी ७: महिन्यातून एकदा शरीराला विचारा

तीन चाचण्या पुरेत. पाऊल भिंतीपासून मागे घेत, टाच न उचलता गुडघा भिंतीला किती अंतरावरून टेकतो ते सेंटिमीटरमध्ये मोजा. एका पायावर टाच किती वेळा पूर्ण उचलता येते ते मोजा. एका पायावर खुर्चीत बसून उठताना गुडघा आत कोसळतो का, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. जगाच्या सरासरीशी नाही, डाव्याची उजव्याशी आणि या महिन्याची मागच्याशी तुलना करा. टाचेच्या शिरेच्या आपल्या धावपटूचा उजवा पाय १८ वेळा आणि डावा २७ वेळा उचलला जात असेल, तर पुढच्या दोन महिन्यांचं काम समोर आलं.

कारण ताण कमी करणं हा अर्धाच उपाय आहे, शरीर तो ताण पेलायला तयार करणं हा दुसरा. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवलेले असताना हळूहळू पुढे झुकणं) हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्या झालेल्या दिसल्या आहेत. फुटबॉलसाठी ‘फिफा ११+’ ही सुमारे २० मिनिटांची वॉर्मअपची मालिका आहे. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींवरच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती करणाऱ्या गटात दुखापती साधारण एकतृतीयांशाने कमी आढळल्या. मुरगळणं आणि पिळवटणं यांवरचा उपाय म्हणून सुरुवातीला म्हटलं होतं, तो हा. धावताना गुडघा कुरकुरत असेल, तर त्याच वेगात मिनिटाची पावलं ५ ते १० टक्क्यांनी वाढवून पाहा. पाऊल आखूड पडतं आणि गुडघ्यावरचा भार उतरतो. हे व्यायाम केल्याचीही वहीत खूण करा, नाहीतर ते सगळ्यात आधी गळतात.

पायरी ८: संघ चालवत असाल तर

सामना चुकला तरच दुखापत, अशी व्याख्या धरली तर साठत जाणाऱ्या दुखापती कागदावर दिसतच नाहीत, कारण त्या घेऊनच खेळाडू खेळत राहतो. ओस्लोच्या क्रीडादुखापत संशोधन केंद्राने २०१३ साली यावर चार प्रश्नांची आठवड्याची प्रश्नावली दिली: भाग घेताना अडचण आली का, सराव कमी करावा लागला का, कामगिरीवर परिणाम झाला का, दुखलं किती. मोबाइलवर दोन मिनिटांत भरून होते.

दुखापतींचा हिशेब १,००० तासांमागे काढा. २० खेळाडू, आठवड्याला ४ तास, १० आठवडे म्हणजे ८०० तास. त्यात ६ दुखापती झाल्या, तर १,००० तासांमागे ७.५. पुढच्या हंगामात नवा वॉर्मअप आणल्यावर हाच आकडा परत काढा. नेदरलँड्सच्या विलेम व्हान मेखेलन यांनी १९९२ साली मांडलेला क्रम असाच आहे: किती दुखापती होतात, कशाने होतात, उपाय करा, पुन्हा मोजा. चौथी पायरी बहुतेक क्लब गाळतात.

आणि खेळाडूने खरं लिहावं असं वाटत असेल, तर “दुखतंय” लिहिणाऱ्याला थेट संघाबाहेर बसवू नका. तसं एकदा झालं की सगळ्या वह्यांत शून्यच दिसू लागतात. दुखण्याची आणि पाळीची माहिती प्रशिक्षक आणि फिजिओपलीकडे जाऊ देऊ नका, आणि ती कोण पाहणार हे खेळाडूला आधी सांगा. एकट्याने धावणाऱ्यांनी धाव नोंदवणाऱ्या अ‍ॅपमध्ये घराजवळचा आरंभ-शेवट लपवण्याची सोय चालू ठेवावी. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या अशाच अ‍ॅपच्या सार्वजनिक नकाशावरून लष्करी तळांवरचे धावण्याचे मार्ग उघड झाले होते, घराचा पत्ता तर त्याहून सहज कळतो.

पायरी ९: तरीही दुखापत झालीच तर

नोंदी थांबवू नका. सराव शून्य असला तरी सकाळचं दुखणं, झोप आणि फिजिओने दिलेले व्यायाम लिहा. परतण्याची तारीख दिनदर्शिकेवरून नाही, तर निकषांवरून ठरवा: दुखल्याशिवाय चालणं, मग एका पायावरच्या चाचण्या, मग हलकं धावणं, शेवटी वेग. काही ठिकाणी वेळही हवाच. गुडघ्याच्या एसीएल या आतल्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतणं जितकं पुढे ढकललं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका नऊ महिन्यांपर्यंत दर महिन्याला जवळपास निम्म्याने उतरत गेला, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर जुन्या आकड्याच्या साधारण निम्म्यापासून सुरुवात करा आणि ‘३० दिवसांतली सर्वांत लांब धाव’ ही ओळ नव्याने मोजा.

बरं वाटू लागलं की एकदा मागची चार-सहा पानं काढून बसा. त्या जागेच्या दुखण्याची पहिली नोंद कधीची आहे, तिच्याभोवती गोल करा. सरावात पहिला बदल कधी केला, त्याभोवतीही करा. मधले दिवस मोजा आणि नियमाच्या पानावरचा कुठला नियम ते कमी करू शकला असता, तो लाल शाईने सुधारून घ्या.